सातची चितळं

चितळ रस्त्याच्या मधोमध उभं होतं आणि माझ्या हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. पायात रबरी चपला, केस कसेतरी बांधलेले, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर. असल्या अवतारात मला ओळखीचं माणूससुद्धा भेटू नये असं वाटतं, आणि समोर हे. नागपूरच्या दाभ्यात आमची बिल्डिंग संपते तिथून पुढे नुसते सिमेंटचे दगड रोवलेलं एक ले-आउट आहे, त्याच्या कडेनं एक अर्धवट डांबरी रस्ता, आणि रस्त्यापलीकडे गोरेवाड्याच्या जंगलाची झुडपं. दुधाच्या दुकानातून मी रोज दुसऱ्या, सरळ रस्त्यानं येते. त्या दिवशी तिकडे गटाराचं काम निघालं होतं म्हणून वळसा घेतला, एवढंच. जानेवारी, सकाळचे सात, उन्हाचा पहिला पट्टा रस्त्यावर पडलेला, आणि त्या पट्ट्यात ते. पाठीवरचे ठिपके मोजता आले असते इतकं जवळ. त्याच्या नाकातून वाफ निघत होती, माझ्याही तोंडातून. दोन्ही कान माझ्याकडे वळवून ते माझ्याकडे पाहत होतं, आणि माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की बस. माझं वय सेहेचाळीस. या वयातली बाई छातीत धडधडलं की आधी ईसीजीचा विचार करते, आणि मी तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी, तेव्हा मी थेट हार्ट अटॅकच्या ट्रॉपोनिन टेस्टपर्यंत जाऊन आले. मग लक्षात आलं की हा आनंद आहे. शुद्ध, बिनकामाचा, लहान पोरीला होतो तसला आनंद. मी किती वर्षांत अशी थरारले नव्हते! मागून झुडपं हलली आणि दुसरं आलं, तिसरं आलं, मग मोठ्या शिंगांचा एक नर, त्याच्यामागे आणखी दोन माद्या, आणि सगळ्यात शेवटी एक पाडस. पाडसाला डांबर ही काय भानगड आहे ते कळेना. ते एक पाय टाकायचं, उचलायचं, पुन्हा टाकायचं. मग एकदम चारही पाय हवेत घेऊन ते पलीकडे गेलं, आणि मी, श्वेता, सीनियर लॅब टेक्निशियन, दोन लिटर दूध घेऊन रस्त्यात उभी राहून एकटीच हसले.

घरी पोचले तर नवरा, केयूर, म्हणाला, “दूध आणायला मौद्याला गेली होतीस काय?” जिभेवर आलं होतं, सगळं तोंडात गोळा झालं होतं, आणि तरी मी काही बोलले नाही. कारण स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर आई बसली होती. आईसमोर मी ‘हरणं पाहिली’ असं हसत हसत कसं सांगणार होते? मौद्याच्या पुढच्या आमच्या गावात हरीण हा काही आनंदानं उच्चारायचा शब्द नव्हता. हरणं ‘आली’ म्हणजे घरात तोंडं उतरायची आणि हरणं ‘गेली’ म्हणजे बाबा चहा प्यायचे. गारपिटीसारखी, रोगासारखी, कुठल्याही वाईट गोष्टीसारखी ती यायची आणि जायची. रात्रीची राखण बाबांकडे आणि पहाटेपासून आईकडे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत जायची, मचाणावर तिच्या मागे घोंगडी पांघरून बसायची. आणि इतकी वर्षं शेतात काढूनही मला हरणाचा चेहरा आठवत नव्हता. मला आठवते ती आईची पाठ, आणि तिची हाक. काय हाक होती ती! पोटातून निघायची. ‘हाऽऽऽ’ म्हणून ती असा सूर लावायची की शेजारच्या शिवारातली माणसंही कामं थांबवून वर पाहायची आणि म्हणायची, ‘रुपरावाची भागीरथा सुरू झाली.’ मला त्या हाकेची लाज वाटायची. शिकून शहरात आले, लग्न झालं, सासरी सगळी हळू बोलणारी माणसं. मीही हळू बोलायला शिकले. लॅबमध्ये तर बोलावंच लागत नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. जे शोधायचं ते शोधायचं, मोजायचं, लिहायचं. वीस वर्षं मी हेच करतेय आणि त्यात मी तरबेज आहे, असं लोक म्हणतात.

आईला मी सात महिन्यांपूर्वी नागपूरला आणलं. बाबा गेले, मी एकुलती, शेत ठेक्यानं दिलं, आणि बहात्तर वर्षांच्या बाईला त्या घरात एकटी ठेवायला माझं मन धजेना. ती आली. भांडली नाही, रडली नाही, आणि तेच मला आधी चांगलं वाटलं. मग हळूहळू कळलं की ती बोलतही नाही. ‘हाव’, ‘नाई’, ‘भूक नाई’ आणि ‘राहू दे’, एवढ्या चार शब्दांत तिचं सगळं भागत होतं. सकाळी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात, दुपारी पलंग, संध्याकाळी पुन्हा खुर्ची. टीव्ही लावला की टीव्हीकडे पाहायची, बंद केला तरी तिकडेच पाहायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रक्त तर मीच तपासलं, काचेवर आईचं रक्त किती नीटनेटकं दिसत होतं! सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले वय झालंय, रुळतील. वजन मात्र दर महिन्याला एक किलो कमी. मला दुसरं काही नको होतं. आईला काहीतरी हवंसं वाटावं, एवढंच. तिनं चहा मागावा. भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला बोलावं. केयूरच्या पायजम्याला नाक मुरडावं. एखाद्या माणसाला काहीच नको असणं हे घरात किती भयंकर असतं, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. ती माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि माझ्या हातात रिपोर्ट होता की सगळं ठीक आहे.

आणि अशा घरातून मी रोज सकाळी सातला चोरून आनंद घ्यायला जाऊ लागले. चोरूनच म्हणायचं त्याला. केयूर डोळा मिचकावून म्हणायचा, “एवढ्या सकाळी कोणाला भेटायला जातेस?” आणि मी खरोखरच लाजायची. दूध हे निमित्त. रस्त्याला एक छोटी पुलिया आहे, तिच्या कठड्यावर बसलं की ले-आउटचा खालचा भाग समोर दिसतो. चितळं जंगलातून यायची, रस्ता ओलांडायची, दगडांच्या मधून उतरत खालच्या हिरव्या पट्ट्यात जाऊन माना खाली घालायची आणि पाऊण तास तिथेच असायची. मी पाहत बसायची. एक दिवस मुंगूस दिसलं, एक दिवस रोह्यांची, म्हणजे नीलगाईंची, जोडी दिसली, मोर तर रोजचेच, त्यांना मी दोन दिवसांत भावही द्यायची बंद झाले. पण चितळं म्हणजे चितळंच. ऊन चढत जायचं तशी त्यांची कातडी उजळत जायची. नराच्या शिंगांना गवत अडकलेलं असायचं आणि त्याचा त्याला पत्ता नसायचा. पाडस आईच्या पोटाखाली ढुशी द्यायचं आणि ती एक पाय उचलून त्याला जागा करून द्यायची. थंडीनं माझ्या नाकाला पाणी यायचं आणि मी ते पुसायचीही नाही, न जाणो हात हलला तर! लॅबमध्ये स्लाइडकडे पाहताना मध्येच मला हसू यायचं. आयुष नावाचा आमच्याकडचा नवा मुलगा एकदा म्हणालासुद्धा, “मॅडम, प्लेटलेट चांगल्या आल्या वाटतं.”

पुलियेवर माझ्या आधीपासून एक गृहस्थ येत होते. मनोहरराव. खाण खात्यातून निवृत्त झालेले, कानटोपी, गळ्यात दुर्बीण, आणि हातवारे असे की जणू जंगल त्यांनीच लावलं आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून बजावलं, की इथे बोलायचं नाही, फोन बंद, आणि लाल कपडे घालून यायचं नाही. “तीन महिने लागले मॅडम त्यांना माझी सवय व्हायला,” ते कुजबुजले. पाडसाचं नाव त्यांनी चिंगी ठेवलं होतं. मला माणूस आवडला. निवृत्त होऊन जगावर चिडलेली माणसं मी खूप पाहिलीत, हा माणूस एका पाडसासाठी सकाळी साडेसहाला दाढी करून येत होता. आम्ही तीन आठवडे शेजारी शेजारी बसलो आणि सगळं मिळून वीस वाक्यं बोललो असू. पण मला तिथे बसल्या बसल्या मध्येच काहीतरी टोचायचं. आपण इथे इतक्या खुशीत आणि आई तिथे खुर्चीत. आणि वर हा आनंद कोणाचा, तर आमच्या घरच्या वैऱ्यांचा! बाबांना कळलं असतं तर काय म्हणाले असते? एकदा वाटलं, आईला इथे आणावं. लगेच वाटलं, छे, तिला काय हरणांचं कौतुक. मग वाटलं, का नसावं? तेव्हा पोटाचा प्रश्न होता, आता नाही. आता राखायचं काही उरलं नाही. आता ती नुसती पाहू शकते, माझ्यासारखी. पाडस पाहून कोण हसणार नाही? त्या कल्पनेनं मी इतकी फुलून गेले की आई हसली असं मला आधीच दिसायला लागलं. तिचं हसू मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं, किती आणि कसं ते.

पण आई घराबाहेर पडायची नाही. ‘राहू दे’ म्हणायची. शेवटी मी माझ्या धंद्याला शोभेल अशी थाप मारली. रात्री सांगितलं, “आई, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्याचं हाय. डॉक्टरनं सांगतलं.” तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाकडे वळते. आई म्हणाली, “हाव.” सकाळी तिला लुगड्यावर स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर असं गुंडाळून मी स्कूटीवर मागे बसवलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तिचा हात माझ्या कमरेला होता आणि तो इतका हलका होता की मी दोनदा मागे वळून पाहिलं. पुलियेपाशी गाडी लावली. मनोहररावांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी आपला रुमाल कठड्यावर पसरून आईला जागा करून दिली आणि नेहमीप्रमाणे ओठांवर बोट ठेवलं. आईनं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या शेजारी बसले. ये ना, ये ना, असं मी मनातल्या मनात झुडपांना म्हणत होते. परीक्षेच्या निकालाला मी एवढी घाबरले नव्हते. सातला तीन मिनिटं असताना झुडपं हलली. पहिली मादी आली, थांबली, कान फिरवले. मग नर. मग बाकीच्या. आणि पाडस, आज त्याला डांबराची भीती उरली नव्हती, ते सगळ्यांच्या पुढे पळालं! मी आईचा हात दाबला. चितळं खाली उतरली, हिरव्या पट्ट्यात शिरली आणि सातही माना खाली गेल्या. मी वळून आईच्या तोंडाकडे पाहू लागले. मला चितळं पाहायचीच नव्हती त्या दिवशी, मला तिचं हसू पाहायचं होतं.

आई उठून उभी राहिली. शाल खाली पडली. आणि ती ओरडली.

“हाऽऽऽऽ! हुर्रऽऽ! हाऽऽऽ!”

सात महिने ‘भूक नाई’ म्हणणाऱ्या त्या तोंडातून तो आवाज निघाला यावर माझा विश्वास बसेना. पुलिया हादरली असं मला वाटलं, निदान मी तरी हादरले. तोच सूर, पोटातला, थोडा चिरलेला पण तोच. सातही माना एकदम वर आल्या आणि पुढच्या क्षणी तिथे नुसती धूळ होती, खुरांचा आवाज, डांबरावर ठक ठक ठक, झुडपं हलली, संपलं. झाडावरचे बगळे उडाले. दूर कुठेतरी कुत्री भुंकायला लागली. आई टाळ्या पिटत, एका हातानं लुगड्याचा काठ उचलत पुलियेवरून खाली उतरायला लागलीसुद्धा. “अवं, हरभरा खाऊन राहिले नं वं!” ती माझ्यावर ओरडली. “पाहत काय बसली? तुले दिसून नाई राहिलं का?”

मनोहररावांचा चेहरा पार पडला होता. “अहो बाई, काय केलंत हे!” त्यांना कुजबुजायचं की ओरडायचं तेच कळेना. “तीन महिने लागले होते! तीन महिने! आता ती परत यायची नाहीत!”

आईनं मागे वळून पाहिलं. “काहून भाऊ,” ती म्हणाली, “तुमच्या घरचं खाऊन राहिले होते का थे?”

मी तिच्यामागे धावले, ती पडेल म्हणून. आणि खाली उतरून उभी राहिले तर गुडघ्याच्या खाली, पायाशी, चहूकडे हरभरा होता. बारीक पानांचा, दव पडलेला, घाटे धरलेला हरभरा. चार-पाच प्लॉटांच्या जागेत, सिमेंटच्या दगडांना वळसे घालून, कोणीतरी ओळीनं पेरलेला. कडेला बाभळीच्या काट्या रोवल्या होत्या, त्या एका जागी आडव्या पडल्या होत्या. तीन आठवडे! तीन आठवडे मी तिथे बसून त्यांची कातडी पाहिली, शिंगं पाहिली, पाडसाचे पाय पाहिले, आणि ती खातात काय हे पाहिलंच नाही. हिरवं दिसलं ते मी गवत धरलं. जानेवारीत नागपूरला गवत हिरवं कुठून असणार? आजूबाजूचं सगळं पिवळं पडलं होतं आणि मधला हा तुकडा हिरवागार, शेतकऱ्याच्या पोरीला याहून मोठ्या अक्षरांत काय लिहून दाखवायचं? मला इतकी शरम वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जे शोधायचं तेवढंच दिसतं, बाकीची अख्खी काच रिकामी, ही माझी वीस वर्षांची हुशारी. आई मात्र कामाला लागली होती. वाकून एकेक झाड हातानं उघडून पाहत होती. “शेंडे खाल्ले,” ती म्हणाली, “शेंडे गेले त चालते, अजून फुटते. घाटे नाई गेले पाहिजे.” मग तिनं पदराचा सोगा पानांवरून फिरवला, दवानं ओला झालेला तो तुकडा तोंडात धरला आणि डोळे मिटले. “आंब चढली,” ती म्हणाली आणि पदर माझ्यापुढे केला. “घे, चाख.” हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जो आंबट रस धरतो त्याला आंब म्हणतात. मी ती तीस वर्षांनी चाखली. दात शिवशिवले, डोळ्यांत पाणी आलं, ते आंबेनंच आलं असं मी ठरवलं.

मनोहरराव काट्यांच्या बाहेर उभे होते. कानटोपी काढून हातात घेतली होती. “सिंधूताईचा आहे हा हरभरा,” ते हळूच म्हणाले. “इथल्या चौकीदाराची बायको. मालकानं पेरायला परवानगी दिली आहे तिला. डुकरं खातात म्हणून रडत होती परवा.” मी विचारलं, “मग सकाळी ती का नसते इथे?” त्यांनी हातातली टोपी उलटी केली. “आमच्याकडे असते,” ते म्हणाले, “सहा ते आठ. पोळ्या करते, चहा ठेवते. तो चहा पिऊनच मी इथे येतो.” आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचं टाळत उभे राहिलो. आम्हा दोघांना कोणी लुच्चे म्हटलं नसतं. आम्हाला पाहण्याचा इतका आनंद होता की बाकी काही पाहायला सवडच नव्हती. आई पडलेल्या काट्या उचलून पुन्हा रोवत होती आणि मध्येच म्हणाली, “रक्त द्याचं होतं नं वं?” मी म्हटलं, “नाई आई. खोटं बोलली मी.” “मले मालूम होतं,” आई म्हणाली. “तुहा दवाखाना इकडे कोठी हाय? थे काटी दे इकडं.”

घरी आल्यावर आईनं चहा मागितला. मागितला! मग चहात साखर कमी म्हणाली. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले, कारण माझं तोंड तिनं पाहावं असं नव्हतं, मला हसू आणि रडू एकाच वेळी फुटत होतं आणि केयूर दारात उभा राहून खुणेनं विचारत होता, काय झालं, काय झालं. तिनं भाकर मागितली. तिनं खिडकीतून ले-आउट कोणत्या बाजूला येतं ते विचारलं. संध्याकाळी मी लॅबमधून आले तर खुर्ची रिकामी! धावत खाली गेले, आणि पाहते तर बाईसाहेब लिफ्टनं खाली उतरून, वॉचमनला रस्ता विचारत, सिंधूताईच्या टिनाच्या खोलीसमोर बसून तिच्याशी तासभर बोलत होत्या. काय बोलत होत्या, तर पेरा कधीचा, वाण कोणता, सकाळची राखण कोण करणार. सकाळची राखण आई करणार असं ठरून गेलं होतं. मला कोणी विचारलंही नव्हतं. “उद्या किती वाजता निंगायचं?” आईनं मला विचारलं. मी म्हटलं, “साडेसहा.” आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय कबूल केलं. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, पुरेपूर मिळालं होतं, आणि त्याच्यासाठी मला माझी चितळं द्यावी लागणार होती. आई रोज ओरडणार. दोन दिवस, चार दिवस, मग ती यायचीच बंद होतील. आईपुढे चितळांची काय किंमत, असं मी स्वतःला दटावलं. पण दटावून काय होतं? उगाच कशाला लपवू, मला फार वाईट वाटलं. पोरीसारखं वाईट वाटलं. पाडसाचा डांबरावरचा तो पहिला पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच आई तयार. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. आदल्या दिवशीच्या ओरडण्यानं घसा पार बसला होता, आवाज फुटक्या पाइपासारखा, पण डोळे असे की मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आम्ही पोचलो तेव्हा मनोहरराव पुलियेवर नव्हते. ते खाली काट्यांच्या कडेला होते आणि घरून एक घडीची खुर्ची घेऊन आले होते, आईसाठी. दुर्बीण आज गळ्यात नव्हती. आई खुर्चीवर बसली, मी तिच्याजवळ जमिनीवर. मनोहरराव मागे उभे राहिले. थंडी होती आणि हरभऱ्याचा आंबट वास येत होता. मला वाटत होतं येऊच नयेत आज, म्हणजे हाकलायला नकोत. आणि त्याच वेळी मी झुडपांवरची नजर काढू शकत नव्हते. सात वाजले. सात वाजून पाच. आणि झुडपं हलली. आली! कालचं सगळं विसरून, किंवा न विसरता, भुकेपोटी म्हणा, सवयीनं म्हणा, ती आली. पहिली मादी रस्त्यावर बराच वेळ उभी राहिली. मग खाली उतरली. एकामागून एक सातही जण, आज पुलियेपेक्षा कितीतरी जवळून, वीस पावलांवर. नर काट्यांमधून मान वळवून आत आला. त्याच्या पापण्या मला दिसल्या! मी आईच्या हाकेची वाट पाहत अंग चोरून घेतलं. हाक आली नाही. पाडसानं हरभऱ्याचं पहिलं पान तोडलं. मी आईकडे पाहिलं. ती खुर्चीत पुढे वाकली होती, हात गुडघ्यांवर, तोंड थोडं उघडं.

“आई,” मी कुजबुजले, “खाऊन राहिले.”

“दिसून राहिलं मले,” ती बसक्या आवाजात म्हणाली. नजर तिकडेच. “थांब जरा. पाहून घे. किती गोजिरं हाय वं थे लहानगं.” ती पुढे म्हणाली, “रोज पाहत होती मी. आधी पाहून घ्याची, मंग हाकलायची. तुहा बाप म्हणे, माह्या पाळीत कमी खातेत, तुह्या पाळीतच एवढं खातेत काहून? म्या म्हटलं, दिवसा भूक जास्त लागत असन.” तिचे खांदे हसण्यानं हलले. “त्याले कधी सांगतलं नाई. कोणालेच नाई. वीस मोजायची मी. वीसच येत होते मले तवा.”

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत, अगदी सावकाश. तीन. चार. मी पाहिलं. नर खाता खाता थांबून ऐकत होता. सात. आठ. पाडसाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हरभऱ्याचा डहाळा लोंबत होता आणि ते चघळायचं विसरून उन्हाकडे पाहत होतं. मागे मनोहरराव नाक ओढत होते. बारा. आईचा हात माझ्या खांद्यावर आला, आज तो जड होता. तेरा. चौदा. सतराला तिनं फार वेळ लावला, आणि एकोणीसला त्याहून जास्त.

“वीस,” ती म्हणाली. “ओरड आता. माहा गळा बसला.”

मी उभी राहिले. सातही माना वर आल्या, चौदा डोळे माझ्याकडे. माझ्या तोंडातून कसाबसा एक बारीक आवाज निघाला, लॅबमध्ये शोभेल असा. चितळं हललीसुद्धा नाहीत.

“काय वं, जेवली नाई का?” आई म्हणाली. “जोरानं!”

मी छाती भरून घेतली आणि जोरानं ओरडले.